तोड्याची बंदूक

पेणच्या चौकात बसवायचा सिमेंटचा मावळा जोहे गावच्या मूर्तिकार हौसानं पुरा केला. वर्गणीचा पुढारी खोतांचा नातू. तो बघायला आला आणि बंदुकीपाशीच अडला.

"ही लोंबती दोरी काप गो. घाण दिसते."

"तोडा हाय तो, रावसाहेब. चाप ओढला की त्याचं जळतं टोक दारूला लागतं, तवा बार उडतो. तोडा काढला तर राहिली नुसती नळी."

"तुला कुणी शिकवलं?"

"माझ्या बापानं. तुमच्या भातातली डुकरं हाकायला तुमचीच बंदूक घेऊन मचाणावर बसायचा. तोडे सोता वळायचा, टोक धुमसत राहावं म्हणून सोऱ्याच्या खारट पाण्यात भिजवायचा."

"दोरी काप, नाहीतर मूर्ती नको."

"नको तर नको. कापणार नाय."

अनावरण परवावर आलेलं. दोरी राहिली.

चौकात खोतांच्या नातवानं मावळ्याला पहिला हार घातला, वाकून पायाला हात लावला. दोरीवरून एवढा भांडला, पण चेहरा कुणाचा ते त्यानं विचारलंच नव्हतं. हौसा गर्दीत ताठ उभी होती. खोतांच्या दारावरून जन्मभर चपला हातात घेऊन गेलेला तिचा बाप चौथऱ्यावरून सगळ्यांकडे बघत होता.