रोजच्या वापराची गाडी

"हिला गाडी म्हणायचं, की शिवणयंत्राला चाकं लावलीत म्हणायचं?" ट्रेंट हॉस्किन्सने छोट्या पांढऱ्या गाडीच्या टायरला बुटाने ठोकर मारली.

जाहिरात नोरीन ॲबटनेच दिली होती: अकरा वर्षांची, एकाच मालकाची, रोजच्या वापराला उत्तम. रविवारी दुपारी बाराची वेळही तिनेच दिली होती. स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून, हातात कापडी पिशवी घेऊन ती तयार उभी होती.

"लायसन्स आणलंय ना?" तिने विचारलं.

"तीस वर्षं ट्रक चालवतोय, बाई."

"तरी दाखवा."

त्याने दाखवलं. तिने ते नीट वाचून परत दिलं, किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि शेजारच्या सीटवर जाऊन पट्टा लावून बसली.

ट्रेंटला गाडी मुलीसाठी हवी होती. ती पुढच्या आठवड्यात होबार्टला नर्सिंग शिकायला निघणार होती. त्याची स्वतःची भलीमोठी पिकअप नोरीनच्या हिरवळीवर दोन चाकं चढवून उभी होती. त्याच्या मते असल्या लहान गाड्या दोनच प्रकारची माणसं घेतात: ज्यांना गाडीतलं काही कळत नाही ती, आणि ज्यांना दुसरं काही परवडत नाही ती. नोरीन दोन्हींत बसते, हे त्याने तिच्या घराकडे बघूनच ठरवून टाकलं होतं.

बसताना त्याचा गुडघा स्टिअरिंगला आपटला. "माझ्या कुत्र्याचं घर याहून ऐसपैस आहे."

"कुत्रा रोज त्यातून कुठे जातो?"

त्याने किल्ली फिरवली. "कुठून नेऊ?"

"रोजच्या वापराची गाडी रोजच्या रस्त्यावर बघावी. समुद्राकडून घ्या, मग टेकडी चढू. छोट्या गाडीचा दम चढावर कळतो."

हे त्याला पटलं. तो स्वतःही हेच सांगणार होता.

समुद्राच्या कडेने जाताना त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. हॉर्न म्हणजे सर्दी झालेलं बदक. एसी म्हणजे लांबून कुणीतरी फुंकर घालतंय. मागे दोन माणसं बसली तर तिसऱ्याची छत्रीसुद्धा मावायची नाही. नोरीन प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत होती आणि मधूनमधून "पुढे डावीकडे" एवढंच सांगत होती.

खरं तर गाडी छान चालत होती. गिअर दोन बोटांनी पडत होता. गोल चौकात ती जागच्या जागी वळली, तेव्हाच ट्रेंटने मनाशी म्हटलं, घ्यायची. पण मनातलं चेहऱ्यावर आणणारा माणूस सौद्यात मार खातो, असं त्याचं मत होतं.

"मध्येच थांबवून परत सुरू करून बघा," चढावर नोरीन म्हणाली.

गाडी तसूभरही मागे न सरकता निघाली.

"ऐकलंत? इंजिन रडलं."

"मला जरा कमी ऐकू येतं."

टेकडीच्या माथ्यावर वृद्धाश्रमाची लांबट, बसकी इमारत होती. नोरीनने गाडी फाटकाच्या आत घ्यायला सांगितली. "माझा नवरा, क्लेम, इथे असतो. आलोच आहोत तर ही पिशवी देऊन येते. तुम्ही तोवर गाडी खालून-वरून तपासा. घाई करू नका."

"दहा मिनिटं," ट्रेंट म्हणाला.

तिला पन्नास लागली. तेवढ्या वेळात त्याने बॉनेट उघडून तेल पाहिलं. जमिनीवर उताणं पडून गंज शोधला. गंज नव्हता, त्यामुळे तो आणखीनच चिडला. सर्व्हिसच्या वहीत एकही नोंद चुकलेली नव्हती. व्हरांड्यातल्या एका म्हाताऱ्याने त्याला हात केला, पण त्याने न पाहिल्यासारखं केलं.

नोरीन बाहेर आली तेव्हा तिच्या बाहीवर भोपळ्याच्या सूपचा डाग होता.

"पन्नास मिनिटं, बाई. मी इथे गाडी बघायला आलोय, भेटीच्या वेळा पाळायला नाही."

"तो दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाही. आणि सावकाश खातो," ती पट्टा लावत म्हणाली. "बघितलीत ना गाडी?"

घरापाशी उतरल्यावर त्याने किल्ली तिला परत न देता मुठीतच ठेवली. "जाहिरातीतल्या किमतीच्या निम्मे देईन. तेही दया म्हणून. हा डबा दुसरं कोणी घ्यायचं नाही."

"नको."

"बरं, पाऊण."

"नको."

ट्रेंटने गाडीकडे पाहिलं. आठवडाभरात मुलीसाठी याहून बरी गाडी मिळायची नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. "ठीक आहे. पूर्ण किंमत. आत्ता, रोख."

"नको, ट्रेंट."

"अहो, तुम्हीच लिहिलेली किंमत आहे ही."

"तुम्ही हिला शिवणयंत्र म्हणालात, कुत्र्याच्या घराहून लहान म्हणालात, आत्ता डबा म्हणालात. पोटच्या मुलीला असल्या गाडीत कशाला बसवता?" तिने हात पुढे केला.

त्याने किल्ली दिली. "माझी अख्खी दुपार फुकट घालवलीत," असं म्हणून तो पिकअपमध्ये चढला आणि हिरवळीवर दोन चर पाडून निघून गेला.

नोरीनने गाडी पुसली. मग चहा केला. साडेपाचला फोन वाजला. क्लेमचा होता.

"सूप छान होतं," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी टोमॅटोचं आण."

"आणते."

"डॉक्टर गाडी कधीपासून चालवू देणारेत तुला?"

"फिट येऊन सहा महिने झाले की. अजून अकरा रविवार."

"आणि रविवारी बस नाही," क्लेम म्हणाला. "मग पुढच्या रविवारी कोण?"

"शाळेतल्या एक बाई आहेत," नोरीन म्हणाली. "जाहिरात वाचून आजच विचारलं त्यांनी, आणि त्यांनाही गाडी चढावरच चालवून बघायचीय."