आवाज करणारा पॉवर सप्लाय

“आवाज करत नाही, ही तुमची तक्रार आहे?” दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर चढवत पुन्हा विचारलं.

टायपिस्टकाकांनी मान डोलावली. गेल्याच आठवड्यात याच दुकानातून त्यांनी हा पॉवर सप्लाय नेला होता. कॉम्प्युटरच्या पेटीत बसून आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा लोखंडी डबा. त्यांचा जुना डबा धूर सोडून गप्प झाला होता, आणि त्याच्यापाठोपाठ त्यांचं कामही. निवृत्तीनंतर लोकांची हस्तलिखितं टाइप करून देणं हा काकांचा उद्योग. मुलगा म्हणाला, ते धूड भंगारात द्या, नवीन घेऊ. पण टायपिंगचा प्रोग्राम त्या जुन्या मशीनवरच चालायचा, आणि काकांची बोटंसुद्धा.

दुरुस्तीवाल्याने तेव्हा नीट समजावलं होतं. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, तुमचं मशीन बेताचीच वीज खातं. पेटीत मावतो का, स्क्रूची भोकं जुळतात का आणि जुन्या डिस्कला लागते ती रुंद पिन आहे का, तेवढं बघा. बघता बघता दोनच उरले. एकाचा आतला पंखा घरघरायचा. दुसऱ्याचा फिरतोय की नाही, हे मागे हात धरून वारा लागला तरच कळायचं. काकांनी डोळे झाकून दुसरा उचलला. कारण काकू जुन्या डब्यातल्या पंख्याला गिरणी म्हणायच्या. ‘झाली का सुरू तुमची गिरणी’ हे ऐकल्याशिवाय काकांच्या दिवसातलं पहिलं पान कधी टाइप झालं नव्हतं.

नवा डबा बसला. मशीन सुरू झालं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. चालू आहे का, त्यांनी विचारलं. चालू आहे, काका ऐटीत म्हणाले. काकूंनी जरा वेळ कान देऊन पाहिलं. अगदीच मुकं आणलंत, एवढं बोलून त्या आत गेल्या. शाबासकीच्या आशेने बसलेल्या काकांचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका टाइप करत होते. मध्येच एक शब्द लागेना म्हणून त्यांनी बोटं थांबवली, आणि स्वयंपाकघरातून हलका, अडखळता आवाज आला.

“का... स... व. कासव. कासव त... तळ... तळ्या...”

काका जागच्या जागी बसून राहिले. नातीचं पहिलीचं पुस्तक सुट्टीनंतर इथंच राहिलं होतं. काकूंनी ते पिठाच्या डब्यामागे सारलेलं त्यांनी पाहिलं होतं, पण रद्दी म्हणून ठेवलं असेल असं वाटलं होतं. काकू कधी शाळेत गेल्या नव्हत्या. लग्न झाल्यावर काकांनीच एकदा त्यांना शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच चुकीला काकांना हसू फुटलं. काकूंनी पाटी माळ्यावर टाकली आणि तो विषय तिथेच मिटला. पुढे सगळा जन्म त्यांनी ‘मला बारीक दिसत नाही, तुम्हीच वाचा’ यावर काढला. आणि इतके दिवस गिरणीच्या घरघरीआड त्यांची शाळा भरत होती; आज ती टायपिंगच्या खडखडाटावर भागवली होती.

तेवढ्यात काकांची खुर्ची करकरली. आतला आवाज चटकन बंद झाला. त्यानंतर रोज दुपारी काका श्वाससुद्धा बेताने घेत होते, पण आतून फक्त ओटा पुसल्याचा आवाज यायचा. पुसून पुसून ओटा आरशासारखा झाला. कासव तळ्यापाशीच राहिलं. काकांना काही सुचेना. काकूंचं शिकणं आणखी एकदा आपल्यापायी थांबणार, या विचाराने त्यांना जेवण जाईना. शेवटी त्यांनी डबा काढला, खोक्यात भरला आणि दुकान गाठलं.

“घरात एक जण शिकतंय,” काका दुरुस्तीवाल्याला म्हणाले, “आणि आपलं कोणी ऐकलेलं तिला चालत नाही.”

दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग काही न विचारता तो घरघरणारा डबा आणून त्याने काउंटरवर जोडून दाखवला. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी मागे वळून पाहिलं. काकांनी गाणं ऐकावं तशी मान तिरपी करून तो पंखा ऐकला. याच्याहून मोठ्या आवाजाचा नाही का, त्यांनी विचारलं.

घरी येऊन त्यांनी सांगून टाकलं की आधीच्यात बिघाड होता, दुकानदाराने स्वतःहून बदलून दिला. खोटं बोलताना ते नेहमी भिंतीकडे बघायचे, तसं आताही बघितलं. गिरणी सुरू झाली. टेबलावरचा पेन हलकेच थरथरू लागला. काका मन लावून टाइप करत बसले. आतलं आता काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं, आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

खांद्यावर हात पडला तेव्हा ते दचकले. काकू मागे उभ्या होत्या. हातात पुस्तक, बोट ओळीवर.

“इतका शांत होता तो परत देऊन हा आणलात,” काकू गिरणीच्या वर आवाज चढवून म्हणाल्या. “म्हणजे तुम्ही ऐकलंत.”

काकांनी भिंतीकडे पाहिलं. मग वाकून त्यांनी टेबलाखालचं बटण बंद केलं. घरघर हळूहळू विरत गेली. काकूंनी दुसरी खुर्ची ओढली आणि तीवर टेकून चष्मा पुसला.

“हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या,” त्या म्हणाल्या. “कासव कधीचं काठावर बसलंय.”