तिसऱ्या फलाटाची लिफ्ट

“बेचाळीस पायऱ्या आहेत,” सूर्यभान म्हणाला. “तुम्ही रोज चढता. मोजल्यात कधी?”

स्टेशनमास्तर बिभीषण कराळे मान खाली घालून रजिस्टर चाळत राहिले. बाभूळदरा जंक्शन म्हणजे पाच फलाट, तीन दिशांना फुटणारे रूळ आणि दिवसभर जत्रा. पुण्याची गाडी हटकून तीन नंबरला लागायची. तिथे जायला एकच वाट, तो पूल. त्याला लिफ्ट नव्हती, उतार नव्हता, आणि बांधणाऱ्याला लाज नव्हती, असं सूर्यभानचं स्पष्ट मत होतं.

बाहेर एक नंबरच्या फलाटावर त्याची बायको सुमनबाई चाकाच्या खुर्चीत बसली होती. दीड वर्षापूर्वी पक्षाघाताने तिची डावी बाजू गेली. दर पंधरवड्याला उपचारांना आणलंत तर ती पायावर उभी राहील, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. फरकही पडत होता. मोटारीत तिला अर्ध्या तासात गरगरायचं, म्हणून रेल्वेच बरी. पुलापाशी आलं की कचरू आणि त्याचा जोडीदार, असे दोन हमाल तिला खुर्चीसकट उचलून पलीकडे न्यायचे.

मे महिन्यात, ऐन लग्नसराईच्या गर्दीत, कुणाचा तरी धक्का लागला. कचरूचा पाय सटकला आणि सुमनबाई सात पायऱ्या घरंगळत खाली आली. लोकांनी पाहिलं. एकाने तर मोबाईलवर टिपून घेतलं. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून तिने पुण्याचं नाव काढलं नाही. मी काय कांद्याची गोणी हाय का, एवढंच ती म्हणाली. सहा महिने झाले. हातात परत आलेली ताकद आता पुन्हा ओसरत होती. गेल्या आठवड्यापासून तर तिला साधी वाटीही धरता येईना.

सूर्यभानचं डोकं तेव्हापासून तापलेलं होतं ते काही केल्या निवत नव्हतं. तो स्वतः रेल्वेचाच माणूस. विभागीय कचेरीत बत्तीस वर्षं काढलेली, आणि टेबलावर एकही फाइल रात्रभर राहू दिली नाही, हा त्याचा अभिमान. त्याने खोदून काढलं, तेव्हा कळलं की पुलाच्या अकरा वर्षांपूर्वीच्या मूळ आराखड्यात लिफ्ट होती. कुणीतरी एक शेरा मारून ती उडवली होती. तो कुणीतरी त्याला हवा होता.

या जिल्ह्यात माहिती अधिकाराचा अर्ज शेंबडं पोरही लिहितं. सूर्यभानने अर्ज टाकला. कागद सापडत नाहीत, असं उत्तर आलं. त्याने अपील केलं. काल संध्याकाळी जाडजूड लिफाफा घरी आला, आणि त्याने तो मुद्दाम फोडला नाही. ज्या पुलाखाली बायकोची शोभा झाली, तिथेच चार माणसांसमोर तो फोडायचा, त्या माणसाचं नाव खणखणीत वाचायचं, मग वर्तमानपत्रांत द्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. म्हणूनच आज तिलाही सोबत आणलं होतं.

“साहेब, ते राहू द्या,” कराळे म्हणाले. त्यांच्या टेबलावरही तसाच एक लिफाफा होता, उघडलेला. “नव्या लिफ्टचा अर्ज द्या. मी स्वतः मागे लागतो. नाव कळून काय होणार?”

“म्हणजे तुम्हाला कळलंय.”

“मी एवढंच म्हणतो, घरी जाऊन उघडा.”

चोर चोर मावसभाऊ, असं पुटपुटत सूर्यभान बाहेर पडला. आपल्यातल्या माणसाला वाचवायला हे लोक एका पायावर तयार असतात, हे त्याने बत्तीस वर्षं जवळून पाहिलं होतं.

फलाटावर कचरू सुमनबाईला सावली करून उभा होता. पुणतांब्याकडून आलेली गाडी नुकतीच रिकामी झाली होती. सूर्यभानने आवाज चढवून सगळ्यांना थांबवलं. ही बाई या पुलावरून पडली ती कुणाच्या कृपेने, ते आज कळणार आहे, असं तो म्हणाला. वीसेक माणसं जमली. कराळेही दारात येऊन उभे राहिले.

सुमनबाईने त्याची बाही धरली.

“अहो, जाऊ द्या. टेबलावर बसलेल्या मान्साला काय म्हाईत, म्या इथनं चढनार हाय म्हनून.”

“माहीत करून घ्यायचं होतं,” तो म्हणाला. “त्याचाच पगार घेत होता तो. एकदा इथे येऊन बघितलं असतं तर पाय मोडले असते का त्याचे?”

लोकांतून हुंकार उठला. सूर्यभानने लिफाफा फाडला. वरची पत्रं बाजूला सारून त्याने जुन्या टिपणाची छायाप्रत काढली आणि इंग्रजीतला शेरा मराठीत करून मोठ्याने वाचू लागला. “सदर स्थानकावर वृद्ध व अपंग प्रवाशांची संख्या नगण्य आहे. लिफ्टची आवश्यकता दिसत नाही. वगळावी.” मग त्याने मान वर केली. “प्रस्ताव आला त्याच दिवशीची तारीख आहे. वाचलासुद्धा नाही हरामखोराने.”

“नाव सांगा साहेब,” कचरू म्हणाला. “माझ्या हातून पडल्या हुत्या ताई. मला बी कळू द्या.”

सूर्यभानने पान उलटलं. नाव छापलेलं नव्हतं, नुसतीच सही होती. ती मात्र स्वच्छ होती, आणि तशीच सही गेल्या आठवड्यात त्याने आपल्या पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावर केली होती.