पोहणारा

थोरले दीर ग्रीटिंग कार्डं छापतात. जाऊबाई आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून त्या कार्डांना घड्या घालतो. या वेळच्या कार्डांवर प्राचीन काळातली सागरी लढाई होती. वल्ह्यांची दोन जहाजं एकमेकांना भिडलेली, बाणांचा पाऊस, आणि त्यांच्याजवळ पाण्यात पोहणारा एक माणूस. आत छापलं होतं, ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’.

“माणसं बुडताहेत आणि शुभेच्छा कसल्या?” मी म्हणाले.

“गिऱ्हाइकाची हौस. आपण घड्या घालाव्यात,” जाऊबाई म्हणाल्या.

निम्मा गठ्ठा संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं, पोहणारा जहाजांपासून बराच अलीकडे आलाय. पुढच्या कार्डावर आणखी अलीकडे. सगळी कार्डं एकाच साच्यातून निघालेली, मग माणूस सरकेल कसा?

“जाऊबाई, हा बघा, जवळ येतोय.”

त्यांनी मानही वर केली नाही. “येऊ दे की. फक्त त्याच्या अंगावर घडी पाडू नकोस.”

मी त्याला सांभाळून घड्या घालत राहिले. हळूहळू त्याचा चेहरा दिसू लागला. त्याला धाप लागली होती.

शेवटच्या कार्डावर पाणी रिकामं होतं. दोन्ही जहाजांवरचे सैनिक लढाई सोडून कठड्याशी ओळीने उभे होते आणि माझ्या खांद्यामागे बघत होते.

जाऊबाई उठल्या, दोरीवरचा टॉवेल घेऊन आल्या.

“भिजलाय बिचारा,” म्हणत त्यांनी तो माझ्या खांद्यावरून मागे धरला आणि सोडून दिला.

टॉवेल खाली पडला नाही.