मांजरपाटाचा शालू

बस्ता बांधायला बायका गादीवर बसल्या होत्या. दुकानाने दिलेला चष्मा प्रत्येकीच्या डोळ्यांवर होता. मंजिरीने हिरवा शालू अंगावर घेतला आणि तिच्या आईच्या, कुमुदच्या, काळजात मोर नाचला. जरीकाम पारखायला कुमुदने सवयीने पदर चिमटीत धरला.

"वहिनी, ही जुनी खोड जायची नाही तुमची!" नणंद हसली.

पण बोटांना लागला तो मांजरपाट. कुमुदने चष्मा कपाळावर सरकवला. मंजिरी कोऱ्या पांढऱ्या कापडात उभी होती. भिंतीलगतचे गठ्ठेही सगळे पांढरेच.

"काकू, काढू नका हो," दुकानदार कुजबुजला. "आता सगळीकडे कापड असंच येतं. रंग फक्त चष्म्यात."

"एवढा महागडा चष्मा आमच्या माणसांकडे कुठला? मांडवात सगळे उघड्या डोळ्यांनीच येणार."

"मग त्यांना नवरी अशीच दिसणार."

मंजिरीने गिरकी घेतली. "आई, शोभत नाही का मला?"

कुमुदने चष्मा झटकन खाली ओढला. "दृष्ट लागेल गं, बाई," म्हणत तिने हातातल्या पाटल्या उतरवून गादीवर ठेवल्या.

"आधी चष्मे बांधा," ती दुकानदाराला म्हणाली. "मांडवात एकही डोळा उघडा नको."