आईचाच हात

राजारामपुरीतल्या जाहिरात कंपनीतून जयसिंग सर निवृत्त होणार होते, आणि त्यांची खुर्ची ते वृषालीला देणार होते. फक्त तिने बाळंतपणाची रजा संपवून सोमवारी हजर व्हायचं होतं.

सासूबाईंच्या पायांवर पालथं पडून बाळ निवांत मालिश करून घेत होतं. वृषालीने धीर करून विचारलं, “मी ऑफिसला गेले, तर दिवसभर सांभाळाल का याला?”

“मला काय जड हाय व्हय त्यो? पण बाळाला आईचाच हात कळतो बघ. आमची आई सांगायची.”

“बरोबर हाय आईचं,” पेपरामागून नवरा म्हणाला.

वृषाली चपला घालून बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या बूथवरून तिने सरांना फोन लावला, जमणार नाही म्हणाली, आणि सासूबाईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

सर खूश होऊन हसलेच. “अगं, मालिशच्या तेलासाठी तूच लिहिलेली ओळ की ही! तीस वर्षं झिजलो या धंद्यात, पण माझी एकबी ओळ लोकांनी अशी आपल्या आईच्या नावावर खपवली न्हाय.”

“माहीत आहे, सर. ती मागे घेता येईल का?”

सर म्हणाले, “राधानगरी रोडच्या भिंतींवरनं चुना मारून उद्याच पुसतो. सासूच्या तोंडातनं कशी पुसायची, पोरी?”