साच्यातलं फूल

कंपनीच्या वकिलाने खेळण्यातलं इंजिन टेबलावर उलटं ठेवलं. "हे मॉडेल आमचं. तुम्ही घरी बनवून विकता." "वीस वर्षांपूर्वी बंद केलंत. हौशी लोक शोधत फिरतात. स्वतः बनवायचं नाही, दुसऱ्याला बनवू द्यायचं नाही!" मी उसळलो. "बंद केलं म्हणून हक्क सुटत नाही. चाकामागचं हे फूल आमच्या मूळ साच्यातलं. तुमच्याकडे कसं आलं?" शेजारी बसलेली मुलगी कुजबुजली, "बाबा, योगायोग म्हणा. सुटाल." तो मूळ साचा त्यांच्या कंपनीत नोकरीत असताना मीच कोरला होता. पोरीचं नाव ठेवलं त्या दिवशी, साहेबांची नजर चुकवून, तिच्या नावाचं फूल त्यात कोरलं. नक्कल करताना ते घासून टाकायला हात धजावला नाही. तिला हे कधी सांगितलं नव्हतं. "बोला, फूल कुणाचं?" वकिलाने विचारलं. "हिचं," मी मुलीकडे बोट दाखवलं. मुलीने इंजिन उचललं. वकिलाने उत्तर लिहून घेतलं.